दुरुस्ती होऊनही ट्रकचे इंजिन तापतेच. दोष नेमका कुठे शोधावा?

मे महिन्याची दुपार. चोपड्याकडून केळी भरून निघालेली दहाचाकी मालमोटार शिरपूर ओलांडून मुंबई-आग्रा महामार्गाला लागते. पळासनेर मागे पडले, की सातपुड्याची चढण सुरू होते आणि बिजासन घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. चालक गाडी कडेला घेतो, चाकामागे दगड लावतो आणि वाफ ओसरण्याची वाट पाहत बसतो. गेल्या दोन महिन्यांत या गाडीचा रेडिएटर साफ झाला, वॉटर पंप नवा बसला, हेड गॅस्केटही बदलले. तरीही दुखणे जागच्या जागी आहे. मागे हौद्यातली केळी उन्हात पिकू लागली आहेत आणि महिनाअखेरीस बँकेचा हप्ता उभा आहे.

ही मोटार कल्पनेतली आहे. मात्र जळगाव-धुळ्याच्या परिसरात अशा मोटारी शोधाव्या लागत नाहीत. धुळे हे महामार्गांचे संगमस्थान. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन मोठे रस्ते येथे एकत्र येतात. रावेर, यावल, चोपडा भागातील केळी, खानदेशातील कापूस, मका आणि औद्योगिक वसाहतींतील माल याच रस्त्यांनी बाहेर पडतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ती केळी उत्तरेच्या बाजारात वेळेवर पोहोचणे अखेर एका इंजिनाच्या तब्येतीवर अवलंबून असते. म्हणूनच 'दुरुस्त करूनही गाडी गरम होते' ही तक्रार केवळ गॅरेजपुरती राहत नाही. तिच्यात एक-दोन गाड्यांच्या मालकाचा संसार, शेतकऱ्याचा माल आणि घाटरस्त्यावरील इतरांचा जीवही गुंतलेला असतो.

उष्णतेचा हिशेब

डिझेल जळल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणतः ३५ ते ४० टक्केच चाकांच्या कामी येते. उरलेल्यापैकी मोठा भाग धुराबरोबर बाहेर पडतो, तर सुमारे पाव ते तृतीयांश भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला शोषून घ्यावा लागतो. वॉटर पंप हे पाणी सिलिंडरच्या लायनरभोवती आणि हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की तो उघडू लागतो. मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून पाणी खाली उतरते आणि पंख्याने ओढलेली हवा त्यातील उष्णता घेऊन जाते.

या साखळीतील शेवटची कडी हवा ही आहे आणि खानदेशात तीच उन्हाळ्यात तापलेली असते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर हा फरक ७० अंशांचा असतो. जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला, की तोच फरक ५० अंशांवर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, तरी त्याची ताकद जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. डिसेंबरात दुरुस्त झालेली गाडी मे महिन्यात पुन्हा तापते, तेव्हा मिस्त्रीने फसवले असा निष्कर्ष लगेच काढू नये. दोष हिवाळ्यातही होताच. थंड हवेने तो झाकून ठेवला होता.

घाट हे गणित आणखी अवघड करतो. एकूण २८.५ टन वजनाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा तिला ढोबळमानाने ५५ किलोवॅट शक्ती लागते. तीच मोटार शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने चढू लागली, की सुमारे ९० किलोवॅट लागतात. काम दीडपटीहून अधिक होते. समोरून येणारा वारा मात्र एकतृतीयांश उरतो. अशा वेळी रेडिएटरला हवा पुरवण्याची जवळजवळ सारी जबाबदारी पंख्यावर येऊन पडते. घाट ही त्यामुळे शीतन यंत्रणेची खरी परीक्षा ठरते.

आधी प्रश्न, मग पाना

वारंवार तापणाऱ्या गाडीच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे निदान न करता सुटे भाग बदलत जाणे. एक भाग बदलला, उपयोग झाला नाही, म्हणून दुसरा बदलला. असे करता करता खर्च वाढतो आणि मूळ कारण आणखी झाकले जाते. वास्तविक चालकाला विचारलेले चार प्रश्न अर्धे निदान करून देतात.

पहिला प्रश्न : गाडी नेमकी केव्हा तापते? उभी असताना किंवा कमी वेगात, चौफुलीवरच्या कोंडीत तापत असेल आणि वेग घेतल्यावर काटा खाली येत असेल, तर संशय पंखा, त्याचा पट्टा, त्याचे आवरण आणि रेडिएटरची बाहेरची बाजू यांवर जातो. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा पडतो आहे असे समजावे. चढावर भाराखालीच तापत असेल, तर या दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात आणि इंजिनावर अकारण पडणारा भारही पाहावा लागतो.

दुसरा प्रश्न : पाणी कमी होते का? रोज पाणी घालावे लागत असेल, तर ते कोठे तरी जातच असते. बाहेर ओल दिसत नसेल, तर आतल्या गळतीचा विचार करावा. तिसरा प्रश्न : दुखणे हळूहळू वाढले, की एकाएकी सुरू झाले? क्षार महिनोन्‌महिने साचतो. पट्टा क्षणात तुटतो. चौथा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही : हे सुरू होण्यापूर्वी गाडीचे कोणते काम झाले होते?

या प्रश्नांच्या जोडीला एक तपासणी अगत्याची आहे. काटा खरे बोलतो का, हे पाहणे. तापमान कळवणारा सेन्सर किंवा त्याची अर्थिंग बिघडली, तर थंड इंजिनही तापलेले दिसते. हल्ली दुरून तापमान मोजणारे इन्फ्रारेड उपकरण बाजारात सहज मिळते. थर्मोस्टॅटच्या घराजवळ त्याने मोजलेले तापमान आणि डॅशबोर्डवरील काटा यांत मोठी तफावत असेल, तर इंजिन उघडण्याचे कारणच उरत नाही.

कापसाचे तंतू आणि बोअरचे पाणी

तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे असावा. म्हणून प्रथम रेडिएटरची बाहेरची बाजू. खानदेशात कापसाच्या हंगामात रस्त्यांवर तंतू उडत असतात. त्यात धूळ, भुसा आणि कीटक मिसळले, की रेडिएटरच्या पंखुड्यांवर नमद्यासारखा थर बसतो. टर्बो इंजिनाच्या गाड्यांत रेडिएटरपुढे इंटरकूलर असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले असल्याने, त्या यंत्रणेचा कंडेन्सरही अनेक गाड्यांत याच रांगेत असतो. समोरून सारे स्वच्छ दिसते. थर मात्र दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत दडलेला असतो. तो काढण्यासाठी जाळ्या सुट्या करून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला कमी दाबाची हवा किंवा पाणी मारावे लागते. पाण्याचा जोरदार फवारा समोरून मारल्यास पंखुड्या वाकतात आणि मळ आणखी आत जातो.

आतल्या बाजूचा शत्रू म्हणजे पाणी. काळ्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ढाब्याच्या हौदातले किंवा बोअरचे असे जड पाणी वर्षानुवर्षे भरले, की ते क्षार इंजिनाच्या सर्वांत उष्ण भागावर, म्हणजे लायनर आणि हेडच्या भिंतींवर बसतात. ओतीव लोखंडाच्या तुलनेत हा थर उष्णता कित्येक पटींनी कमी वाहून नेतो. परिणामी पाणी फारसे तापलेले नसतानाही धातू तापलेला राहतो. अशा गाडीचा केवळ रेडिएटर साफ करून भागत नाही; क्षार इंजिनाच्या पोटात असतो आणि तो सुटून नव्या रेडिएटरच्या नळ्यांतही अडकतो.

साध्या पाण्याचा आणखी एक तोटा ठाऊक असणारे थोडे. लायनर सूक्ष्म कंप पावत असतो. त्यामुळे त्याच्या बाहेरील पृष्ठभागावर पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते खोल गेले, की पाणी थेट ऑइलमध्ये उतरते. इंजिन उत्पादक सुचवतात त्या कूलंटमधील रसायने या खड्ड्यांपासून आणि गंजापासून संरक्षण देतात. 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो', हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. कूलंटचे खानदेशातील मुख्य काम गोठणे टाळणे हे नसून उकळणे आणि गंजणे टाळणे हे आहे.

साधारणपणे निम्मे कूलंट आणि निम्मे क्षारविरहित पाणी हे प्रमाण वापरले जाते. कूलंट जास्त घातले म्हणजे गाडी अधिक थंड राहते, ही समजूतही चुकीची आहे. शुद्ध कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. निरनिराळ्या प्रकारची कूलंट एकत्र केल्यास गाळ धरण्याची शक्यता असते आणि नुसत्या रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. म्हणून डब्यावरील निर्देश वाचूनच खरेदी करावी.

झाकण लहान, काम मोठे

रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. त्यातील स्प्रिंग यंत्रणेत ठरावीक दाब टिकवून ठेवते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. पण सुमारे ०.७ बार दाबाखाली ते ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग मेली किंवा दुसऱ्याच गाडीचे झाकण बसवले, तर हा दाब टिकत नाही. मग ठीकठाक इंजिनातले पाणीही घाटात उकळते आणि बाहेर फेकले जाते. हेड उघडण्याच्या गोष्टी सुरू होण्यापूर्वी झाकण दाबमापकावर तपासून घ्यावे. अनेकदा तेवढ्यावरच काम भागते.

यानंतर पंखा. पट्टा सैल आहे का, तेलकट झाला आहे का, पंख्याभोवतीचे आवरण जागेवर आहे का, हे पाहावे. हे आवरण म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. ते नसेल, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. अनेक मोटारींत पंखा द्रव भरलेल्या क्लचवर बसवलेला असतो. गरम झाल्यावर तो घट्ट धरून वेगाने फिरला पाहिजे. त्यातील द्रव गळून गेला, तर पंखा फिरताना दिसतो. पण त्याला जोर नसतो. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने सहज गरगरत असेल, तर क्लच संशयास्पद समजावा. ही तपासणी किल्ली काढून घेतल्याशिवाय कधीही करू नये.

प्रवाह कोठे अडतो?

येथे पुन्हा ते तापमापक उपकरण उपयोगी पडते. इंजिन भाराखाली तापलेले असताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होज पाइपचे तापमान मोजावे. निरोगी यंत्रणेत दोहोंत काही अंशांचाच फरक असतो. वर खूप गरम आणि खाली बरेच थंड असेल, तर पाणी फारच हळू फिरत आहे. रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट पुरता न उघडणारा किंवा पंप कमकुवत, अशी ही खूण आहे. दोन्हीकडे पाणी सारखेच तापलेले असेल, तर पाणी फिरते आहे. त्याची उष्णता हवा घेत नाही. मग पंखा आणि बाहेरची बाजू यांच्याकडे वळावे. रेडिएटरच्या जाळीवर मध्येच थंड पट्टे आढळले, तर तेथील नळ्या बंद आहेत असे समजावे.

थर्मोस्टॅट तपासण्याची पद्धत घरगुती आहे. तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा, पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडतो का, हे पाहावे. बिघडलेला असल्यास नवा बसवावा. तो काढून टाकून गाडी चालवणे हा मात्र रस्तोरस्ती दिला जाणारा घातक सल्ला आहे. अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी पाणी परस्पर पंपाकडे नेणारी आडवाट बंद करतो. तो काढला, की आडवाट कायमची उघडी राहते. बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरते. हिवाळ्यात इंजिन थंड राहते, डिझेल अधिक लागते आणि उन्हाळ्यात तेच इंजिन उकळते.

वॉटर पंप बाहेरून कोरडा दिसला, तरी आतील पंख गंजून झिजलेले असू शकतात, अथवा दांड्यावर सैल होऊन घसरत असतात. खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने वेगात आत चेपला जातो, हेही एक हुलकावणी देणारे कारण. गाडी उभी असताना तो पुन्हा फुगतो आणि निर्दोष दिसतो.

बुडबुड्यांचे दोन उगम

टाकीत बुडबुडे दिसले, की हेड गॅस्केट गेले असा निवाडा तत्काळ दिला जातो. तो पुष्कळदा खरा असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात होज पाइप दगडासारखा कडक होणे, पाणी बाहेर फेकले जाणे, सायलेन्सरमधून पांढरा धूर येणे किंवा ऑइल दुधाळ होणे, ही त्याची लक्षणे आहेत. निळ्या द्रवाची एक साधी चाचणी असते. टाकीतील वायू त्या द्रवातून ओढला आणि द्रवाचा रंग बदलला, तर सिलिंडरमधील ज्वलनाचा वायू पाण्यात येत आहे हे सिद्ध होते.

परंतु मालमोटारीत बुडबुड्यांचा दुसराही उगम असतो. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बहुतेक जड वाहनांत इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. त्याच्या हेडचे गॅस्केट फुटले, तर दाबाखालील हवा पाण्यात शिरते. लक्षणे जवळजवळ तशीच. मात्र ही साधी हवा असल्याने निळ्या द्रवाचा रंग बदलत नाही. कॉम्प्रेसरची पाण्याची वाट तात्पुरती वेगळी करून अल्पकाळ इंजिन चालवले आणि बुडबुडे थांबले, तर गुन्हेगार सापडला. ही पायरी गाळल्यामुळे इंजिनाचे हेड विनाकारण उतरवले जाते आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी तापते.

हेड गॅस्केट खरोखरच वारंवार जात असेल, तर नवे गॅस्केट हा उपाय नव्हे. हेड वाकले आहे का, त्याला तडा आहे का, लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागावर ठरलेल्या मापाइतकेच वर आहेत का आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने व ताकदीने आवळले का, हे मोजून पाहिलेच पाहिजे. यांतले काहीही अंदाजाने चालत नाही.

दुरुस्तीतूनच जन्मलेले दोष

पुन्हा त्या कल्पित केळीच्या गाडीकडे वळू. मूळ तक्रार होती कोंडीत आणि चढावर काटा वर जाण्याची. मोकळ्या रस्त्यावर ती ठीक होती. हे ऐकताच संशय पंख्याच्या क्लचवर जायला हवा होता. त्याऐवजी रेडिएटर उतरवला गेला. परत बसवताना आवरणाचे दोन बोल्ट सापडले नाहीत, म्हणून आवरण तसेच बाजूला ठेवले गेले. गाडी अधिक तापू लागली. मग थर्मोस्टॅट काढला, पंप बदलला, शेवटी गॅस्केटही. पाणी भरताना हवा काढण्याचा स्क्रू कुणी सैल केला नाही आणि हेडमध्ये हवेचा फुगा अडकून बसला. एका दोषाचे चार दोष झाले आणि त्यांतले तीन गॅरेजमध्ये तयार झाले.

अशा प्रकरणांत उलटा प्रवास करावा लागतो. आवरण परत बसवायचे, थर्मोस्टॅट योग्य अंशांचा आणि योग्य दिशेने लावायचा, झाकण त्याच गाडीचे घ्यायचे, हवा पूर्ण काढून कूलंट भरायचे. आणि मगच मूळ तक्रार शिल्लक आहे का, हे पाहायचे. गळती बंद करणारी पूड किंवा द्रव आधी टाकला असेल, तर त्यानेच रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी. ॲल्युमिनियमचा रेडिएटर कॉस्टिक सोड्याने धुतला असेल, तर तो धातूच खाल्ला गेला असू शकतो. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरची रीत त्याला लागू पडत नाही.

शीतन यंत्रणा निर्दोष असूनही काटा चढत असेल, तर उष्णता अधिक निर्माण होते आहे काय, असा प्रश्न करावा. चिकटलेले ब्रेक, घसरणारा क्लच, चोंदलेला एअर फिल्टर, चुकलेला पंपाचा टायमिंग, एक्झॉस्ट ब्रेकची अर्धवट अडकलेली झडप, यांपैकी कशानेही इंजिन जास्त राबते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत धूर थंड करून परत फिरवणारा कूलर असल्यास तोही आतून गळू शकतो. आणि शेवटी भार. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अक्षभाराची मर्यादा वाढवली आणि तीन अक्षांच्या मोटारीचे अनुज्ञेय एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. मात्र जुन्या गाडीचा रेडिएटर त्या अधिसूचनेबरोबर मोठा झाला नाही. मर्यादेपलीकडे माल भरणाऱ्या गाडीला तर कोणताही मिस्त्री थंड ठेवू शकणार नाही.

घाटात काटा चढला तर

इंजिन तापल्यावर चालक पहिल्या पाच मिनिटांत काय करतो, त्यावर पुष्कळ काही ठरते. गियर उतरवून भार कमी करावा, वातानुकूलन बंद करावे आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी रस्त्याच्या बाहेर घ्यावी. यंत्रणेत पाणी असेल आणि पट्टा शाबूत असेल, तर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे किंचित वाढीव गतीवर चालू ठेवावे. पाणी फिरत राहून उष्णता हळूहळू उतरते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी संपले असेल, तर मात्र इंजिन तत्क्षणी बंद करावे.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उसळून वाफेसह अंगावर येते आणि चेहरा, हात भाजतात. वरचा होज हाताला सोसण्याइतका निवल्यावरच, जाड फडके धरून ते टप्प्याटप्प्याने सैल करावे. तापलेल्या इंजिनावर किंवा आत एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. पाणी भरायचेच असेल, तर इंजिन निवल्यावर, थोडे थोडे भरावे.

सर्वांत गंभीर धोका चढ संपल्यानंतर सुरू होतो. इंजिन थंड व्हावे किंवा डिझेल वाचावे म्हणून काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. त्या क्षणी इंजिनाची रोखणारी ताकद नाहीशी होते आणि साऱ्या वजनाचा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून पकड सोडू लागले, की २८ टनांची गाडी कुणाच्याच हाती राहत नाही. उतारावर ब्रेक गमावलेले जड वाहन काय करू शकते, हे ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरजवळ दिसले. ब्रेक निकामी झाल्याची प्राथमिक माहिती पोलिसांनी दिलेला कंटेनर अनेक वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि किमान १० जणांचा बळी गेला. उतारावर गाडी गियरमध्येच ठेवावी, हा नियम इंजिनाच्या तापमानासाठीही हिताचाच आहे. डिझेल न जळता फिरणारे इंजिन पंप आणि पंखा फिरवून स्वतःला थंडच करत असते.

थांबलेल्या गाडीमागे परावर्तक त्रिकोण पुरेशा अंतरावर ठेवावा. चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाकावा. रात्री तोच दगड एखाद्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो.

वहीचे मोल

वारंवार तापणाऱ्या गाडीसाठी सर्वांत उपयोगी साधन कोणते, तर एक वही. किती किलोमीटरवर, कोणत्या घाटात, किती भाराने, हवा किती तापलेली असताना काटा कोठे गेला, किती पाणी घातले, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला, एवढे लिहून ठेवले, तर दुसऱ्या गॅरेजमधील मिस्त्रीला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तीच चढण त्याच भाराने पुन्हा चढून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

मालकानेही दुरुस्तीचे बिल भरताना जुना भाग परत मागावा आणि 'काय बदलले' एवढेच न विचारता 'का बदलले' हे विचारावे. या 'का'चे उत्तर ज्याला देता येते, त्याच्या हाती गाडी सोपवावी. बिजासनची चढण, लळिंगचा घाट आणि मे महिन्याचे ऊन यांत बदल होणार नाही. गाडीच त्यांच्या तोडीची करून घ्यावी लागते आणि त्याची सुरुवात पाना उचलण्यापूर्वी, चालकाचे म्हणणे नीट ऐकून घेण्यापासून होते.